शाळेत हात बंद

ती मुलगी माझ्या बालवाडीत आली तेव्हा पावणेचार वर्षांची होती. तिचे आईवडील दोघेही बधिर आहेत, ही गोष्ट मला दीड महिन्यानंतर कळली. त्या दीड महिन्यात मी तिच्याशी कशी वागले हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून मीच लिहून ठेवते आहे.

हुबळीत मी तेव्हा एकवीस वर्षं बालवाडी चालवत होते. घराच्या पुढच्या दोन खोल्या, अंगणात पत्र्याची शेड, आणि मदतीला एक आयाबाई, एवढाच पसारा. शिकवणाऱ्या बाईला इकडे 'अक्कोर' म्हणतात. मुलांची मी अक्कोर, त्यांच्या आयांचीही अक्कोर आणि भाजीवाल्याचीही अक्कोर. त्या वर्षी चोवीस मुलं होती. निम्म्यांच्या घरी कन्नड, बाकीच्यांच्या घरी मराठी, दखनी, कोकणी, आणि दोघांच्या घरी तेलुगू. मी जन्माने मराठी, शाळा कन्नड, शेजार मुसलमान आणि सासर कारवारकडचं. त्यामुळे पहिल्या दिवशी रडणाऱ्या कुठल्याही मुलाला मी त्याच्या घरच्या भाषेत गप्प करू शकत असे. आया एकमेकींना सांगायच्या, "त्या अक्कोरांना सगळ्या भाषा येतात." हे माझ्या कानावर आलं की मला बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीला घेऊन तिची आजी आली. बेळगावकडची, बोलायला खणखणीत बाई. मी फॉर्म भरायला घेतला. वडील धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात, आई दाजीबानपेठेत फॉल-पिकोच्या दुकानात कामाला.

"घरी कुठली भाषा बोलता?" मी विचारलं.

आजी थांबली. नातीचा फ्रॉक उगाच खाली ओढला. "मराठीच लिवा की ओ बाई," ती म्हणाली. "आमी मराठीच न्हवं का?"

मी 'मराठी' लिहिलं. त्याआधी दोन शाळांमध्ये आजीने खरं सांगितलं होतं आणि दोन्हीकडे जागा भरल्याचं उत्तर मिळालं होतं, हे मला पुढे समजलं. तिसऱ्या ठिकाणी न सांगायचं असं ठरवूनच ती माझ्याकडे आली होती. आठ दिवसांनी ती बेळगावला परत गेली, कारण तिच्या दुसऱ्या सुनेचे दिवस भरत आले होते.

मुलगी बोलायची फार थोडं. आजीची मराठी, तीही तुटक. ऐकू तिला व्यवस्थित यायचं. मी एकदा तिच्या पाठीमागे मुद्दाम स्टीलची ताटली पाडली, तेव्हा ती दचकून वळली. म्हणजे कानाचा दोष नव्हता, आणि मग मी दोष स्वभावात शोधायला लागले.

ती मला कधी हाक मारायची नाही. काही हवं असलं की येऊन माझ्या मांडीवर चापट मारायची. एखाद्या मुलाशी बोलायचं असलं की त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि त्याने नजर काढून घेतली की चिडायची. गाल फुगवायची, भुवया वर घ्यायची, ओठ मुडपायची. मुलं हसायची. सगळ्यात मला खटकायचं ते तिचं बघणं. मी रागावले की इतर मुलं खाली बघतात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ही मात्र थेट माझ्या तोंडाकडे बघत राहायची, डोळे न हलवता, माझं बोलणं संपेपर्यंत. मला तो उद्धटपणा वाटायचा.

मग मी तेच केलं जे एकवीस वर्षं प्रत्येक दांडगट मुलाला करत आले होते. "हाताची घडी, तोंडावर बोट." कन्नड मुलांना मी 'कै कट्टु, बाय मुच्चु' म्हणते, तिला मात्र आठवणीने मराठीत सांगायचे, तिच्या भाषेत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने इतर मुलांकडे बघून घडी घातली आणि लगेच सोडली. मी पुन्हा घालायला लावली. इतरांची घडी पाच मिनिटांत सुटायची, तिची मी सोडवत नसे. काही दिवसांनी तर सांगावंही लागेना. आल्या आल्या ती आपल्या जागेवर बसायची आणि दोन्ही पंजे काखेत खुपसून ठेवायची. पाणी प्यायलासुद्धा उठायची नाही. एकदा असंच बसल्या बसल्या तिच्या गालांवरून पाणी ओघळताना आयाबाईने पाहिलं आणि मला खुणेने दाखवलं. मी म्हटलं, "राहू दे, सवय होतेय तिला."

मुलांच्या प्रगतीची मी एक वही ठेवते. त्यात तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : 'आता पुष्कळ शांत झाली आहे.'

जुलैच्या मध्यावर ती गोष्ट घडली. मधल्या सुट्टीत तिने शेजारी बसणाऱ्या मुलाची हनुवटी धरली. त्याने मान झटकली, तिने सोडली नाही, आणि तिचं नख त्याच्या डोळ्याखाली लागलं. ओरखडा बोटाच्या पेरभर लांब होता. पण डोळ्याच्या इतका जवळ की मी लगेच त्याच्या घरी फोन लावला.

मुलाची आई अर्ध्या तासात आली. दुर्गदबैलात त्यांचं कापडाचं मोठं दुकान आहे. एरवी बाई मऊ बोलणारी. त्या दिवशी तिने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणला आणि कन्नडमध्ये म्हणाली, "जरा वर लागलं असतं तर डोळा गेला असता, अक्कोर. तुम्ही कुठे होता?"

मी कुठे होते? शेडमध्येच होते. 

"एक तर ती पोरगी राहील, नाही तर माझा मुलगा. ती रोज कुणा ना कुणाला हात लावते. सगळ्या आया बोलताहेत."

त्या खरंच बोलत होत्या. संध्याकाळपर्यंत आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ओरखड्याचा फोटो आला आणि त्याखाली एकामागून एक कन्नड निरोप. आणखी चौघींनी आपापल्या मुलांच्या तक्रारी लिहिल्या. त्या गटात त्या मुलीच्या आईचाही नंबर होता. तिच्याकडून एक शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी तिच्या आईला फाटकाशी थांबवलं. ही बाई रोज यायची, हसायची, मान हलवायची आणि मुलीला घेऊन जायची. लाजाळू आहे असं मी धरून चालले होते. मी मराठीत सुरुवात केली. ती हसली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी मुलीसारखीच. मी कन्नडमध्ये बोलले, मग हिंदीत. माझा आवाज चढत गेला. तिने हसणं थांबवलं, पण नजर काढली नाही. बाकीच्या आया मुलांची दप्तरं सावरायच्या निमित्ताने रेंगाळल्या होत्या.

तेवढ्यात मुलगी आम्हा दोघींच्या मध्ये आली. तिने काखेतले हात बाहेर काढले आणि आईकडे बघून हलवले. बोटं, मनगट, भुवया, गाल, सगळं एकदम. आईने तसेच हात हलवून उत्तर दिलं. मग मुलगी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई म्हंती, काय झालं?"

दीड महिन्यात तिने माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं असं मी म्हणणार नाही, पण त्या बाईला ऐकू येत नाही एवढं कळलं. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं, कागद मागवायला हवा होता. पण आजूबाजूला आया उभ्या होत्या, माझा आवाज चढलेला होता, आणि समोर दोन भाषा येणारं एक माणूस आयतं उभं होतं. मी त्या पावणेचार वर्षांच्या मुलीला म्हटलं, "आईला सांग, तू मुलांना मारतेस. काल एकाच्या डोळ्याला लागलं. परत असं झालं तर शाळेत यायचं नाही, असं सांग."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आईकडे बघून हात हलवले. थोडेच. आईचा चेहरा उजळला. तिने छातीवर हात ठेवला, पुढे होऊन माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. आभार मानल्यासारखा.

पाठीमागून कुणीतरी हसलं.

"हे नाही सांगितलंस तू," मी म्हणाले. "खरं काय ते सांग."

 मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही पंजे पुन्हा काखेत घातले.

"बिडरी अक्कोर," आयाबाई मागून आली आणि माझ्या खांद्याला धरून म्हणाली. सोडा आता. एकवीस वर्षांत तिने मला कधी चारचौघांत अडवलं नव्हतं. "तिच्याच गुन्ह्याची फिर्याद तिच्याच तोंडून का द्यायला लावता? लेकरू आहे ते."

मी त्या दोघींना आत घेतलं, आयांना घरी पाठवलं आणि वही उघडली. मराठीत लिहिलं, 'तुमची मुलगी मुलांना मारते.' आईने वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने माझ्या हातून पेन घेतलं. महाराष्ट्रातल्या एका बधिर मुलांच्या निवासी शाळेत ती शिकलेली होती. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक होतं, वाक्यं मात्र तिच्या स्वतःच्या रचनेची.

'मुलगी मार नाही,' तिने लिहिलं. 'मुलगी बोल. आधी हात लाव. तोंड बघ. मग बोल. घरी असं.'

मी ते दोनदा वाचलं. तिने पुढे लिहिलं, 'आई पाठ, मुलगी हाक, आई ऐकू नाही. हात लाव, आई बघ.'

मग तिने पेन खाली ठेवलं आणि मुलीला हातांनी काहीतरी विचारलं. मुलगी हलली नाही. आईने पुन्हा विचारलं, तिच्यासमोर उकिडवी बसून. तेव्हा मुलीने हात बाहेर काढले, सावकाश घडी घातली, ताठ बसली आणि एक बोट ओठांवर ठेवलं. भुवया आक्रसल्या, डोळे मोठे केले. ती माझी नक्कल होती. इतकी हुबेहूब की मला माझाच चेहरा दिसला.

आई उठली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. मग तिने वही ओढली आणि तीन शब्द लिहिले.

'शाळा हात बंद?'

मी 'चूक झाली' असं लिहिलं. आणखीही काहीबाही लिहिलं असेन. तिने ते वाचलं की नाही आठवत नाही. ती मुलीला घेऊन निघून गेली.

शनिवारी पालकांची सभा ठरलेली होती. कापडवाल्यांच्या घरूनच ती मागितली होती. आधी मला वाटत होतं की मुलीच्या आईवडिलांना बोलवू नये, लोक काय बोलतील ते त्यांना कळणार नाही आणि तेच बरं. पण मी न बोलावताच ती दोघं आली. वडील पाळी बदलून आले होते, कारखान्याचा गणवेश अंगावर. दारातच त्यांनी हात जोडले. कुणी बसा म्हटलं नाही, कारण म्हणायचं कसं ते कुणाला कळलं नाही. मी माझ्या शेजारी दोन खुर्च्या मांडल्या आणि वही घेतली. कोण काय बोलतंय ते मी लिहून दाखवणार होते.

बोलणं कन्नडमध्ये सुरू झालं. एक जण बोलायला लागला की दुसरी मध्येच बोलायची. मी मराठीत भरभर लिहीत होते. 'त्या म्हणतात, मुलांना भीती वाटते.' 'ते म्हणतात, लक्ष द्यायला हवं.' एका वडिलांनी आवाज चढवला. "बहिऱ्यांची शाळा वेगळी असते ना? सरकारने काढली आहे ना? मग आमच्या मुलांत कशाला?" मी लिहिलं, 'ते वेगळ्या शाळेबद्दल विचारतात.' दुसरी एक बाई म्हणाली, "घरात बोलणारंच कुणी नाही, ते मूल जनावरासारखंच वाढणार." मी पेन टेकवलं आणि काहीच लिहिलं नाही.

आईचं बोट वहीवर आलं. त्या कोऱ्या ओळीवर तिने दोनदा टकटक केलं. ती त्या बाईचा चेहरा बघत होती आणि मी थांबलेली बघत होती. तिने माझ्या हातातून पेन घेतलं.

'सगळं लिही.'

तेव्हा मला त्या मुलीचं फाटकापाशी काय झालं असेल ते कळलं. समोरचं बोलणं आपल्या हातून पुढे द्यायचं आणि ते देववत नाही. मी छप्पन्न वर्षांची बाई, मलाही ते जमत नव्हतं. मी लिहिलं. 'जनावर' हा शब्द लिहिला. आईने तो वाचला, वही वडिलांकडे सरकवली. त्यांनी वाचला. आम्ही काय करतो आहोत ते एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. ती बाई आपल्या पदराशी चाळा करायला लागली.

वडिलांनी लिहिलं आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. 'मुलगी ऐकते. आम्ही ऐकत नाही. बहिरी शाळा मुलीला कशाला? मुलगी दोन भाषा.'

 मग आई उठली आणि त्या मुलाच्या आईसमोर जाऊन उभी राहिली. तिने स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, तोंड वळवून दाखवलं, डोळ्यांकडे बोट केलं. ती समजावत होती. समोरची बाई बघत होती. आईने तसंच तिच्या हनुवटीकडे हात नेला, अगदी हलका.

"मुट्टबेड्री!" ती बाई खुर्चीसकट मागे सरकली. हात लावू नका.

हे मला लिहावं लागलं नाही. आईचा हात होता तिथेच थांबला आणि मग खाली आला. ती जागेवर येऊन बसली. पेन घेतलं. 'माफी,' तिने लिहिलं. 'नख रोज कापते. मुलाचा डोळा बरा?'

मी वाचून दाखवलं. मुलाच्या आईचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, कोण जाणे. "बरा आहे म्हणावं," ती म्हणाली.

मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे. दीड महिना मुलीला गप्प बसवून ठेवलं आणि शिकवलं काहीच नाही. तिला खांद्यावर हलकेच हात ठेवायला मी शिकवीन आणि बाकीच्या मुलांना तिच्याकडे बघायला शिकवीन. एक महिना द्या. लोकांनी महिना दिला. मनापासून दिला असं नाही, पण उठून जाताना पुन्हा तक्रार केली नाही. तो मुलगा दसऱ्याच्या सुट्टीनंतर दुसऱ्या शाळेत गेला. त्याच्या आईने फोन करून सांगितलं आणि मी तिला दोष दिला नाही. तिची भीती खोटी नव्हती.

सोमवारपासून मी ती घडी आणि ते बोट बंद केलं. वर्ग शांत करायचा असला की मी हात वर करून हलवायचे. मुलांना दोन दिवसांत सवय झाली. दर शनिवारी दुपारी तिची आई माझ्याकडे यायची आणि मला शिकवायची. पाणी, भूक, पुरे, दुखतंय, आई येईल. माझी बोटं ताठ. चुकीच्या खुणेवर ती खळखळून हसायची. तिचं हसणं मोठं होतं, आणि मला पहिल्यांदा ते ऐकून दचकायला झालं होतं. माझ्या कपाळावरच्या कुंकवावरून तिने मला एक खुणेचं नाव दिलं.

पण मुलीचे हात काही उघडेनात. आईजवळ, घरी, रस्त्यावर ती हातांनी बोलायची. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की पंजे काखेत. मी पाण्याची खूण करून दाखवली की ती दुसरीकडे बघायची. आम्ही सगळे हात हलवायचो आणि ती एकटीच हात बंद करून बसायची. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी जे दीड महिन्यात बांधलं होतं ते सुटत नव्हतं, आणि कुणावर चिडायची सोय नव्हती.

डिसेंबरात एक दिवस अचानक बंद पुकारला गेला. कशावरून ते आता नीट आठवतही नाही. सकाळी सगळं सुरळीत होतं. साडेदहाला शेजारच्या दुकानाचं शटर खाली आलं आणि फोन वाजायला लागले. बाजारात दगडफेक झाली, रिक्षा बंद होणार, मुलांना घेऊन जा. मी सगळ्या घरांना फोन केले. तासाभरात बावीस मुलं गेली. मुलीच्या आईला मी चार निरोप पाठवले. एकही वाचला गेला नाही. मशीन चालू असलं की तिचा फोन पिशवीत असतो, थरथरला तरी कळत नाही. वडील बेलूरला, तिकडून बस बंद.

दुपारी दोनच्या सुमारास ती नेहमीप्रमाणे दाजीबानपेठेतून चालत निघेल, हे मला दिसत होतं. मागून जमाव आला तर तिला ऐकू येणार नाही. कुणी 'थांब' म्हटलं तर ती थांबणार नाही. मी मुलीला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि निघाले. आयाबाई नको नको म्हणत होती.

दुर्गदबैलात एरवी हातगाड्यांतून वाट काढावी लागते. त्या दिवशी रस्ता मोकळा होता आणि तेच भीतीदायक होतं. एका हातगाडीचं चाक वर, संत्री रस्त्यावर पसरलेली. चौकात एका पोलिसाने अडवलं. मी मुलीकडे बोट करून "हिची आई" एवढंच म्हणाले. त्याने हात हलवून लवकर जा म्हणून सांगितलं.

फॉल-पिकोचं दुकान बंद होतं. शटर जमिनीपासून वीतभर वर आणि आतून मशीनचा आवाज. मी शटरवर हात मारला. मशीनं थांबली. आतला दिवा गेला.

"शटर तेगीरी!" मी ओरडले. "शटर उघडा, मी अक्कोर!"

आत कुणी श्वास घेतल्याचाही आवाज नाही. मी जितकी जोरात हात मारत होते तितके ते घाबरत होते. गल्लीच्या टोकाला पळत्या पावलांचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं. मी पुन्हा मारलं, मराठीत ओरडले, कन्नडमध्ये ओरडले. 

मुलगी माझ्या हातातून सुटली. मला वाटलं पळाली. बघते तर ती रस्त्यावर पोटावर आडवी झाली होती, गाल फरशीला लावून. तिने दंडापर्यंत हात शटरखालून आत घातला आणि बोटं हलवायला लागली. काय सांगत होती मला दिसत नव्हतं. तिचा खांदा तेवढा हलत होता.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी दबक्या आवाजात "नको, नको" म्हणालं. मग शटर गुडघाभर वर आलं, आईचे दोन हात बाहेर आले आणि त्यांनी मुलीला आत ओढलं. मग माझा पदर धरून मलाही. मी कपाळ शटरच्या कडेला आपटून घेत आत गेले.

संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. दोन शिवणाऱ्या बायका, दुकानाचे मालक, आम्ही तिघी. दिवा लावला नव्हता, शटरखालून येणाऱ्या उजेडात मुलगी आईशी हातांनी बोलत होती. मध्येच ती माझ्याकडे वळली, भूक लागल्याची खूण केली आणि मी ओळखते की नाही हे भुवया उंचावून बघितलं. मी माझ्या पिशवीतले राजगिऱ्याचे लाडू काढले.

त्यानंतर सगळं बदललं असं सांगायला मला आवडलं असतं. ती शाळेत हातांनी बोलायला लागली, पण काही दिवसांनी, आणि फक्त आयाबाईशी. माझ्याशी फेब्रुवारीत. मी रागावले की अजूनही काही वेळ तिचे पंजे काखेत जात. फाटकापाशी त्या दिवशी तिने आईला माझ्या नावावर काय सांगितलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. त्यावर माझा हक्क नाही असं मला वाटतं.

आता ती दुसरीत आहे, कन्नड शाळेत. शनिवारी आईबरोबर येते आणि माझ्या खुणा दुरुस्त करते, जरा ताठ्यानेच. गेल्या आठवड्यात दोघींचं माझ्या ओट्यावर भांडण झालं. कशावरून कोण जाणे. हात इतके भरभर चालले होते की मला 'उद्या' आणि 'नाही' एवढेच दोन शब्द उमगले. मुलगी पाय आपटत होती, आई मान हलवत होती. मी मध्ये पडले नाही. चहा टाकायला आत गेले.